वीसपैकी पंधरा

चांगुणाला अक्षरं लागत नव्हती, पण आकड्यांनी तिला आजवर कधी फसवलं नव्हतं. शाळेच्या व्हरांड्यात लावलेल्या दहावीच्या मराठीच्या यादीत तिनं सुनेकडून नातीचं नाव दाखवून घेतलं, त्या नावावर बोट टेकवलं आणि ते सरळ ओळीत उजवीकडं नेलं. शेवटच्या रकान्यात बोट थांबलं, तशा तिच्या भुवया कपाळावरच्या गोंदणाला जाऊन भिडल्या.

“पंधरा,” ती म्हणाली. “आन सरूच्या पोरीचे?”

सरू म्हणजे तिची धाकटी जाऊ. वाटणी झाली तेव्हा दोघींच्या चुली वेगळ्या झाल्या, मळे वेगळे झाले, पण गणेशवाडीच्या फुलबाजारातल्या जागा मात्र समोरासमोर राहिल्या. त्यामुळे भांडण कधी शिळं झालं नाही.

रूपालीनं, सुनेनं, नाइलाजानं चार नावं वर बोट ठेवलं. रोशनी. एकोणीस.

चांगुणा हसली. तिच्या हसण्याला घरातली मांजरंसुद्धा घाबरत. “बोलताना जिच्या तोंडात कायम पेढा धरल्यागत होतं, तिला एकोणीस. आन माझ्या सुष्टीला पंधरा.”

नातीचं नाव सृष्टी. ते चांगुणाच्या जिभेला कधी पेललं नाही, म्हणून ती सुष्टी म्हणे. खुद्द नातीलाही ते नाव लिहायला पेलत नव्हतं, पण ही गोष्ट चांगुणाला माहीत नव्हती.

“आई, पंधरा चांगले हायेत,” रूपाली हळूच म्हणाली. “ऐंशीचा पेपर बोर्डाचा. हे वीस शाळेच्या हातातले, दहा तोंडीचे आणि दहा स्वाध्यायाचे. दोन्ही मिळून पस्तीस झाले की पास. पंधरा हातात असले म्हणजे पेपरात वीस पडले तरी भागतं. सही करू आणि घरी जाऊ.”

“भागवायला काय मी भिकेला निघाले का?” चांगुणा म्हणाली आणि वर्गाकडं चालू लागली.

आता या पंधरावर तिचा एवढा राग का, ते सांगायला हवं.

मखमलाबादच्या मळ्यातल्या घरात रोज सकाळी पेपर येई. चांगुणा ओट्यावर शेवंतीच्या माळा ओवत बसे आणि सृष्टी मांडीवर पेपर पसरून तिला बातम्या वाचून दाखवी. आधी काही दिवस हे काम रूपालीकडं होतं. सून बारावी शिकलेली, पण ती वाचायला लागली की पेपर कालचा वाटे. रस्त्याचं काम रखडलं, कुणाची तरी सभा झाली, कांद्याची आवक वाढली. चांगुणानं तिला उठवलं आणि नातीला बसवलं, आणि त्या दिवसापासून पेपरला जणू जीव आला.

पिंपळगावला एक वऱ्हाड उन्हाला कावून द्राक्षांच्या शीतगृहात शिरलं, कुणीतरी बाहेरून कडी घातली, आणि नवरदेव बाहेर आला तेव्हा त्याच्या मिशांवर दहिवर धरलं होतं. चांदवडच्या एका बाईनं दारुड्या नवऱ्याला कांद्याच्या चाळीत कोंडलं आणि जाळीतून भाकर दिली. आणि सगळ्यांत वरचढ म्हणजे निफाडची बिबट्याची मादी. ती एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या उसात व्याली होती. त्यानं तेवढा तुकडा न तोडता ठेवला. कारखान्याची माणसं आली, त्यानं कोयता घेऊन परत पाठवली. मादी रात्री त्याच्या ओट्याशी येऊन बसे आणि पहाटे निघून जाई. ही बातमी आठवड्यातून दोनदा तरी येई. एकदा एक पिल्लू विहिरीत पडलं, तेव्हा चांगुणाच्या हातातली माळ तशीच राहिली होती.

बाजारात बसलं की चांगुणा ही बातमी सगळ्यांना देई. नारळवाली फुलाबाई तर डोळ्यांनी अधू, ती सकाळी आल्या आल्या विचारी, “चांगुणा, मादीचं काय झालं गं?” आणि चांगुणा पदर खोचून, घसा खाकरून, समोरच्या सरूला ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात करी, “आमच्या सुष्टीनं आज वाचलं...”

सृष्टीला वाचता येत नव्हतं.

अगदीच नाही असं नाही. एकेक अक्षर ती ओळखी, पण दोन अक्षरं शेजारी आली की ती जागा बदलत, जोडाक्षर आलं की सगळी ओळच तिच्या डोळ्यांपुढं ओल्या मातीसारखी घसरे. आठवीत असताना गांगुर्डे मॅडमनी निरोप धाडला होता, की मुलीला सिव्हिलला तपासून घ्या, वाचनाच्या अडचणीचा दाखला मिळतो, त्यावर बोर्ड सवलत देतं. तो निरोप चांगुणाच्या कानावर पडला. “आमच्या घरात खुळं कुणी निपजलं नाय, मास्तरणीला म्हणावं आपलं डोकं तपास,” असं ती म्हणाली आणि विषय मिटला. मुलाची, ज्ञानेशची, आईपुढं कधी मान वर झाली नाही. तो फवारणीचा पंप पाठीला लावून मळ्यात गेला.

मग रूपालीनं एकटीनं वाट काढली. ती पुस्तकातले धडे रात्री पोरीला मोठ्यानं वाचून दाखवी. पोरगी कानानं सगळं धरी, एकदा ऐकलेलं विसरत नसे. स्वाध्यायाची वही रूपालीनं आपल्या हातानं लिहिली, अक्षर जरा तिरकं करून. आणि दिवाळीनंतर ती गांगुर्डे मॅडमना जाऊन भेटली. काय बोलणं झालं ते दोघींनाच माहीत, पण येताना तिनं शाळेच्या नळावर तोंड धुतलं होतं.

राहता राहिली गोष्ट फुलांच्या पाटीची. चांगुणा नवी नवरी होती तेव्हाची. बाजारात एका व्यापाऱ्यानं तिच्या शेवंतीच्या पाटीकडं नुसतं बघून निम्मा भाव सांगितला. वरची फुलं टवटवीत ठेवायची आणि तळाला काळी पडलेली दडपायची, ही माळ्यांची जुनी चाल तो ओळखून होता. चांगुणानं गोणपाट अंथरलं आणि भरल्या बाजारात पाटी उपडी केली. वर होती तशीच फुलं तळाला. बाजार हसला तो व्यापाऱ्याला. त्यानं मुकाट्यानं मागितल्यापेक्षा चढा भाव दिला, आणि त्यानंतर चांगुणाची पाटी कुणी उघडून बघितली नाही. तेव्हापासून चांगुणाला आयुष्यात एकच न्याय कळला. कुणी कमी भाव केला, की पाटी ओतायची. चारचौघांत. सासऱ्याशी, भावकीशी, मुलाच्या सोयरिकीत, सगळीकडं तिनं तेच केलं आणि सगळीकडं जिंकली.

वर्गात पालक बाकांवर कोंबून बसले होते. गांगुर्डे मॅडम टेबलाशी एकेकाची सही घेत होत्या. मार्क मान्य असल्याची सही. कोपऱ्यात सरू आपल्या रोशनीला घेऊन बसली होती, नवं लुगडं नेसून. सृष्टी भिंतीला टेकून उभी होती. तिला आजी दिसली आणि तिनं आईकडं पाहिलं. रूपालीनं पेन उचललं होतं. चांगुणानं ते तिच्या हातातून काढून घेतलं.

“थांब. पाटी न उघडता केलेला भाव आपण घेत नसतो.”

मॅडम बाई वाईट नव्हत्या. त्यांनी खुर्ची पुढं केली, पाणी मागवलं, म्हणाल्या, “आजी, पंधरा कमी नाहीत हो. असू द्या.”

असू द्या. हाच सूर. व्यापारी असाच म्हणतो, असू दे मावशी, चांगला दिलाय भाव. चांगुणाची कानशिलं तापली.

“हिची तोंडी कवा घेतली?” तिनं विचारलं.

मॅडमनी पाण्याचा पेला तिच्यापुढं सरकवला. तोंडी कुणाचीच घेतली नव्हती. कुठल्याच शाळेत कुणी घेत नाही. बाई वर्षभर पोरांना ऐकत असतात, त्यावरून पेन्सिलीनं आकडे टाकतात, वर चार पोरांना फळ्यापाशी उभं करून फाइलला लावायला फोटो काढतात. सगळ्यांना माहीत असतं आणि सगळ्यांच्या फायद्याचं असतं, म्हणून कुणी विचारत नाही. पण चांगुणानं विचारलं, आणि मागच्या बाकावरचा एक बाप उठून म्हणाला, आमच्याबी पोराची नाही घेतली. त्यानं खिशातून मोबाइल काढून समोर धरला.

रूपालीनं सासूचा पदर धरला. मॅडम उठून जवळ आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, “आजी, दोन मिनिटं बाहेर या. मी सांगते तुम्हाला.”

“बाजूला बोलावून भाव करणाऱ्याचा एक हात दुसऱ्याच्या खिशात असतो,” चांगुणा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “काय असंल ते हितं बोला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणणारे मी लय बघितले. त्यांच्या मुठीत काय असतंय ते मला ठावं हाय. तुम्ही आमची पाटी बघितली का? उघडून बघितली का?”

मॅडमनी टेबलावरचा वह्यांचा गठ्ठा आपल्याकडं ओढून घेतला.

गलका ऐकून मोठे सर आले. ते निवृत्तीला टेकलेले, मोबाइलच्या कॅमेऱ्याला सापापेक्षा भिणारे. त्यांनी मोबाइल पाहिला, पालक पाहिले, आणि लगेच न्यायाधीश झाले. आजींचं म्हणणं रास्त आहे, मूल्यमापन पारदर्शक हवं, मॅडम, आत्ताच्या आत्ता सगळ्यांसमोर घ्या मुलीची तोंडी.

“आजी, नको,” सृष्टी म्हणाली.

तेवढंच म्हणाली. चांगुणाला वाटलं, पोर बुजली. “नको काय? घरी वाचतीस तशी वाच. दाखव यांना.”

गांगुर्डे मॅडमनी पुस्तक घेतलं. त्यांना पान शोधावं लागलं नाही, हवं ते आपोआप उघडलं. वर्गात रोज म्हणायची एक कविता होती, ती त्यांनी सृष्टीपुढं धरली. पुस्तक देताना त्यांनी पोरीच्या मनगटाला हात लावला, तो जरा जास्त वेळ तिथं राहिला. सृष्टीनं डोळे पानावर ठेवले आणि म्हणायला लागली.

काय म्हटली. वर्गातला पंखा बंद केल्यासारखी शांतता झाली. जिथं थांबायचं तिथं थांबली, जिथं आवाज उतरवायचा तिथं उतरवला, पान उलटायचं तेव्हा पानही उलटलं. रूपालीचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. कविता संपली तेव्हा मागच्या बाकावरच्या बापाचासुद्धा मोबाइल खाली आला होता.

“वा,” मोठे सर म्हणाले. “मॅडम, अठरा करायला हरकत नाही.”

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. पंधराचे अठरा. लेखीत सतरा पडले तरी पोरगी पास. इथं चांगुणा उठून घरी गेली असती, तर ही गोष्ट कुणी सांगितली नसती.

“पाठ असंल,” सरू कोपऱ्यातून म्हणाली. ती कुणाला म्हणाली नाही, छताला म्हणाली. “पुस्तकातलं काय, आमच्या पिंजऱ्यातला मिठूबी म्हणतो.”

रोशनी तोंडाला रुमाल लावून हसली.

चांगुणा सावकाश उठली. पिशवीत हात घातला आणि सकाळचा पेपर बाहेर काढला. तो अजून वाचायचा होता. शाळेत यायच्या गडबडीत राहिला होता. तिनं घडी उलगडली, पहिलं पान वर केलं, नातीच्या हातात दिलं.

“हे तर पाठ नसंल? घे सुष्टे. वाच. रोज वाचतीस तसं.”

“आजी, राहू द्या, झालंय आता,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. त्या कधी आवाज चढवत नसत.

“का? तळाला काय हाय ते बघायला भ्या वाटतंय का तुम्हाला?”

सृष्टीनं पेपर हातात धरला. ती आजीकडं बघत राहिली. पुढं कितीतरी दिवस चांगुणाला ती नजर आठवे, आणि तिचा अर्थ न लावता ती दुसरीकडं बघे. पोरीनं मान खाली घातली, पेपरवर डोळे फिरवले आणि स्वच्छ आवाजात सुरुवात केली.

“निफाड. आमच्या वार्ताहराकडून. निफाड शिवारातील बिबट्याची मादी आपल्या दोन पिल्लांसह काल सायंकाळी ऊस सोडून निघाली. ज्या शेतकऱ्याने तिला आसरा दिला, त्या शेतकऱ्याच्या बांधावर ती थोडा वेळ थांबली. शेतकरी म्हणाला, जा बाई आता, ऊस तोडायचाय. तेव्हा तिने मागे वळून...”

चांगुणाची छाती फुगली. तिनं सरूकडं पाहिलं. मादी निघाली याचं तिला जरा वाईट वाटलं, पण पोरगी वाचत होती काय. रेडिओवरची बाई मागं पडावी.

रोशनी पुढं येऊन सृष्टीच्या खांद्यावरून पेपरात डोकावली. “सर, हे कुठं लिहिलंय?” ती म्हणाली. “इथं तर असं काहीच नाही.”

मोठ्या सरांनी चष्मा लावला. त्यांनी सृष्टीच्या हातातल्या पानावर बोट ठेवलं, वरून खाली नेलं, पान उलटलं, पुन्हा पहिलं पान पाहिलं. “इथं निविदा सूचना आहे,” ते म्हणाले. “आणि खाली सोन्याच्या दुकानाची जाहिरात.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मग एकदम सगळे हसले.

सरांनी निविदेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ही ओळ वाच बाळा. त्यांनी बाळा म्हटलं, हे अजून वाईट. सृष्टी त्या ओळीशी झोंबली. न, न-वि, नि. दी. तिच्या कपाळावर घाम आला. मागचा मोबाइल पुन्हा वर गेला होता. मॅडमनी तो हातानं खाली केला, पण तोवर पोरीनं पेपर मिटला होता.

पण आता मोठ्या सरांना राहवेना. मुलीला वाचता येत नाही, तर मग स्वाध्यायाची वही कुणी लिहिली? त्यांनी गठ्ठ्यातून वही काढली, सगळ्यांसमोर उघडली. तिरकं, टपोरं अक्षर. “हे अक्षर कुणाचं?”

“माझं,” रूपाली म्हणाली. एवढ्या माणसांत तिचा आवाज पहिल्यांदाच निघाला होता.

रोशनीची वही तिच्या शिकवणीच्या बाईनं लिहिली होती. वर्गातल्या निम्म्या वह्या मोठ्या बहिणींच्या, मावश्यांच्या, गाइडांच्या होत्या. पण त्या कुणी उघडल्या नाहीत. ज्यानं आपली पाटी स्वतः ओतली, तेवढ्याचाच तळ लोक बघतात.

मॅडमनी यादी पुढं ओढली. पेन्सिलीचे आकडे खोडले. तोंडी तीन, स्वाध्याय चार. आता चाळीस माणसांनी पाहिलं होतं, सर शेजारी उभे होते, त्यांना दुसरं काही लिहिता येत नव्हतं. सात लिहून झाल्यावर त्यांनी चांगुणाकडं पाहिलं.

“आजी, मी पाहिली होती पाटी,” त्या म्हणाल्या. “तळापर्यंत पाहिली होती. म्हणूनच पंधरा दिले होते.”

 घरी आल्यावर चांगुणानं पायसुद्धा धुतले नाहीत. ती ओट्यावर बसली आणि तिनं नातीला समोर उभं केलं. तिला पोरीच्या मार्कांचं काही वाटत नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढं बाजार होता. फुलाबाई, सरू, हारवाले, चहावाला पोऱ्या. इतकी वर्षं पदर खोचून सांगितलेल्या बातम्या. मिशांवरचं दहिवर. विहिरीतलं पिल्लू. या पिल्लासाठी तिनं भर बाजारात डोळे पुसले होते.

“सगळं खोटं?” तिनं विचारलं.

सृष्टीनं मान हलवली.

“पिल्लू वाचलं ते?”

“ते पण, आजी.”

चांगुणानं तिच्या तोंडात मारली. जोरात नाही. पोरगी रडली असती तर तिनं दुसरी मारली असती, पण ती रडली नाही. “मला खुळी केलीस बाजारात,” चांगुणा म्हणाली. “ज्या तोंडानं खोटं वाचलंस, त्या तोंडानं आता माझ्याशी बोलू नकोस.”

रूपाली आत भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. “आई,” ती आतूनच म्हणाली, “बाजारात ओतलेली फुलं वेचून परत पाटीत भरता येतात.”

सून लग्न होऊन आल्यापासून तिला पहिल्यांदा उलटून बोलली होती.  त्या दिवशी तिनं चूळ भरली आणि जेवायचं नाही असं सांगितलं.

निकाल उन्हाळ्यात लागला. सृष्टी इंग्रजीत पास झाली, हिंदीत झाली, गणितातसुद्धा काठावर निघाली. त्या विषयांच्या पाट्या कुणी ओतल्या नव्हत्या. मराठीत लेखी बावीस पडले. बावीस आणि सात. आकडे चांगुणाला कळत. बावीस आणि पंधरा किती होतात, हेही तिला कुणी सांगायची गरज नव्हती, आणि कुणी सांगितलं नाही. मॅडम स्वतः घरी आल्या, म्हणाल्या, पुन्हा परीक्षेला बसता येतं, दाखल्याचंही अजून करता येईल. सृष्टी नाही म्हणाली. मॅडमनी चहा घेतला नाही. जाताना त्या रूपालीशी बोलल्या, चांगुणाला नुसता नमस्कार केला.

बाजारात सरूनं आपलं काम चोख केलं होतं. चांगुणा जागेवर बसली की हारवाल्यांपैकी एखादा विचारी, “काय मावशी, आज बिबट्या कुठवर आला? गणेशवाडीत शिरला का?” आणि सगळी रांग हसे. चांगुणा झेंडू तोलत राही. तिच्याजवळ उत्तरं होती, एकेकाच्या सात पिढ्या उद्धरतील अशी. पण प्रत्येक उत्तराच्या शेवटी तो वर्ग होता, म्हणून ती मान वर करत नसे. एकदा व्यापारी म्हणाला, मावशी, शेवंती तळाला ओली वाटतेय, आणि निम्मा भाव सांगितला. रांगेनं माना वळवल्या. सगळ्यांना वाटलं, आता ओतणार. तिनं पाटीवरचं फडकं नीट केलं आणि पैसे घेतले.

फुलाबाईला मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं तरी तिनं धरलं नव्हतं. ती अजून विचारी. मादी ऊस सोडून गेली म्हणतात, मग कुठं गेली गं? पिल्लं लहान हायेत ना अजून?

“बघते,” चांगुणा म्हणे.

घरी तिनं नवा नेम लावला होता. रोज सकाळी सृष्टीनं ओट्यावर बसून पेपर वाचायचा. खरा. अक्षरावर बोट ठेवून. चांगुणा शेजारी माळ ओवी, आणि तिच्या दुसऱ्या हाताशी तुरीची काडी असे. पोरगी आजीशी बोलत नव्हती, आजीनंच तसं सांगितलं होतं. पण वाचायला बसे. एका ओळीला चहा निवे. एका बातमीला माळ पुरी होई.

त्या दिवशीही ती बसली. बोट अक्षरावरून अक्षरावर सरकत होतं, पाणंदीत पाय घसरू नये म्हणून जपून चालावं तसं.

“श... शह... शहरात. श-नि... शनिवारी. पा-णी. पु-र... पुरवठा. बं-द.”

चांगुणानं सुईत फूल ओवलं. “पुढं?”

“रा... राही-ल.”

“पुढं?”

“संपलं.”

ओट्यावर ऊन आलं. मळ्यात ज्ञानेशचा पंप चालू होता. चांगुणानं माळेला गाठ मारली, दोरा दातानं तोडला. फुलाबाई आज पुन्हा विचारणार होती. तिनं नातीकडं न बघता, फुलांच्या ढिगाला विचारल्यासारखं विचारलं, “आन ती निफाडची मादी?”

सृष्टीनं पान उलटलं. मग मागचं पानही पाहिलं, वरून खाली, बोट लावून.

“ती पेपरात नाय, आजी,” ती म्हणाली, आणि तिनं बोट पुढच्या ओळीवर ठेवलं.